कारण लिहून द्या

भर तासात संस्थेचे संचालकसाहेब वर्गात आले. दार वाजवलं नाही. माझ्याकडं बघितलंही नाही. सरळ तिसऱ्या बाकाकडं गेले, आपल्या पोराचं दप्तर उचललं आणि पलीकडच्या बाकावर आपटलं.

"हिच्या हाताखाली शिकणार व्हय माझा पोरगा?"

हिच्या म्हणजे प्रणालीच्या. तेरा वर्षांची पोरगी. गटप्रमुख. माझ्याच समाजाची. मग ते माझ्याकडं वळले.

"बाई, तुमची माणसं तुम्ही वर काढा. आमच्या पोरांच्या डोक्यावर बसवू नका."

चाळीस पोरं बघत होती. मी म्हणाले, "बदलते, साहेब."

होय, मी म्हणाले.

सदलग्यात आईबापांनी दुसऱ्याच्या रानात राबून मला बी.एड. केलं. निपाणीतल्या या शाळेत मी गणित शिकवते. बौद्ध आहे. कुणापासून लपवलेलं नाही.

आठवी ब हातात आली तेव्हा निम्मा वर्ग मान खाली घालून बसायचा. चुकलं की बाकीचे हसतील, म्हणून कुणी तोंडच उघडत नव्हतं. मी पाच-पाच जणांचे गट केले. ज्याला येतं त्यानं न येणाऱ्याला समजावायचं. शेवटच्याला जमलं की गटाला जमलं. दिवाळीपर्यंत वर्ग बोलायला लागला. भांडायला लागला, गणितावरून. प्रणालीला गटप्रमुख मी केलं नव्हतं. गटानं हात वर करून निवडलं. त्यात आदित्यचा, म्हणजे संचालकांच्याच पोराचा, हात होता. पहिल्यांदा समीकरण सुटलं तेव्हा तो वही घेऊन माझ्याकडं पळत आलता. "बाई, प्रणालीनं सांगितलं आणि डोक्यात शिरलं बघा!"

त्याला हलवलं आणि वर्ग फुटायला लागला. आधी एका पोरीचा डबा मैत्रिणीपासून सरकला. मग दोन बाकांत वीतभर फट पडली. डायरीतून चिठ्ठ्या यायला लागल्या. "गट बदलावा." कारण एकीतही नाही. मी वर्गात शिरले की कुजबूज थांबायची. कुणाला घरी काय सांगितलंय, ते मला त्यांच्या बसण्यावरून कळायचं.

प्रणाली हात वर करेनाशी झाली. वहीसुद्धा उघडेना. जिन्यात गाठून विचारलं, "का गं?"

ती खाली बघत म्हणाली, "बाई, त्याला का हलवलं ते तुम्हाला म्हाईत हुतं न्हवं?"

माहीत होतं. माझा अपमान मी गिळला होता. तिचा गिळायचा हक्क मला कुणी दिला होता?

गेल्या सोमवारी हेडसरांनी छापील यादी हातात दिली. नवे गट. "वर्गात वाचून दाखवा." मी बघितली. आमच्या समाजाची पाचही पोरं एका गटात. दाराजवळ.

"सर, ह्यांना एकत्र का बसवायचं ते खाली लिहा. सही करा."

"असलं कोण लिहितंय व्हय, बाई?"

"मग मी वाचणार नाही."

त्यांचा आवाज खाली आला. "तुम्ही पर्मनंट न्हाय. ध्यानात हाय न्हवं?"

"हाय."

वर्गात गेले. फळ्यावर जुने गट लिहिले. म्हणाले, "त्या दिवशी मी घाबरले. चूक माझी होती. प्रणालीची नव्हती." काही पोरं उठली, बाक ओढले. आदित्य उठला नाही. दाराकडं बघत बसला. प्रणालीनंही वही उघडली नाही. इतक्या लवकर ती माझ्यावर विश्वास का ठेवेल?

शनिवारी कमिटीपुढं बोलावलंय. स्टाफरूममध्ये माझ्या शेजारची खुर्ची रिकामी राहायला लागली आहे. काल शिपाई आला आणि माझ्या कपाटाची किल्ली मागून घेऊन गेला.

काढतील मला. माफी मागणार नाही. राजीनामा देणार नाही. तोंडी एक शब्द ऐकून घेणार नाही. काढायचं तर कागदावर काढा, कारणासकट, सहीसकट. आणि तो कागद घेऊन मी आठवी ब मधल्या प्रत्येक पोराच्या घरी जाणार. उंबऱ्यात उभी राहून मोठ्यानं वाचणार. संचालकांच्या घरापासून सुरुवात.