खुन्याचं स्वयंपाकघर

लिलावाआधी चहा पिताना आमच्या बाजारातले हमाल टीव्हीवरच्या खुनाच्या मालिकेबद्दल बोलत होते. इन्स्पेक्टरचं कौतुक कुणालाच नव्हतं, सगळे खुन्याच्या बाजूचे.

"अरे, भागीदाराला विष घातलं त्यानं!" मी भडकलो.

"घातलं हो शेठ, पण आईला भात कसा भरवतो, बघितलंत ना?" बबन हमाल म्हणाला.

त्याचं खरं होतं. मालिका आपल्याला खुन्याच्या स्वयंपाकघरात नेते, म्हणून तो आपला वाटतो. काही वर्षांपूर्वी माझा स्वतःचा भागीदार माझी गिऱ्हाइकं फोडून समोरच्या गाळ्यात बसला. त्याला मी कायम बाजारातच पाहिलं, घरी कधी गेलो नाही. परवा त्याचे वडील वारले. सगळा बाजार भेटून आला, मीच राहिलोय. जायला हवं. पण त्याला घरात पाहिलं, तर इतकी वर्षं जपलेला राग तिथेच ओसरेल, याची धास्ती वाटते.