शिक्षिका क्रमांक सात

भाषेच्या बाईंना शाळेत सगळे डॉक्टरीणबाई म्हणत. त्यात कौतुक किती आणि चेष्टा किती, हे ज्याचं त्याने ठरवावं. डॉक्टरेट अजून मिळालेली नव्हती. सात वर्षं ती मिळायचीच होती. तेवढ्यात बाईंच्या लेकीने शाळा संपवली, पदवी घेतली, नोकरीलाही लागली, आणि बाई आपल्या चौथ्या प्रकरणात अडकलेल्या त्या अडकलेल्याच. नवरा टपाल खात्यात. वस्तू एका जागेहून निघाली की दुसऱ्या जागी पोचलीच पाहिजे, एवढं त्याला कळायचं. "अगं, सात वर्षांत बोटीने पाठवलेलं पार्सलसुद्धा पोचतं," तो म्हणायचा. बाई यावर हसायच्या आधी. नंतर नंतर हसणं सोडलं.

आता ही डॉक्टरेट कसली, ते आधी सांगून टाकतो. नोकरी सोडून, ग्रंथालयात बसून करायची ही नव्हे. शिकवणाऱ्या माणसाने शिकवता शिकवताच करायची, आणि तीही आपल्याच शाळेतल्या दुखण्यावर. म्हणजे दिवसभर वर्ग घ्या, वह्या तपासा, पालकांची बोलणी खा, आणि उरलेल्या वेळात त्याच शाळेकडे परक्यासारखं बघा. बाईंचा विषय होता 'वर्गात न बोलणारी मुलं'. बारा शिक्षकांच्या मुलाखती घ्यायच्या, प्रत्येकाला विचारायचं, तुमच्या वर्गातली काही मुलं वर्षभर तोंड का उघडत नाहीत? नाव कुठेही येणार नाही असं प्रत्येकाला लिहून दिलेलं.

मार्गदर्शक मॅडम महाकडक. मुलाखती टाइप करायचं काम त्यांच्याच ऑफिसातल्या टायपिस्टकडे. नावं काढून टाकायची, क्रम उलटसुलट करायचा, नुसते आकडे द्यायचे. कोणता आकडा कोणाचा, ती यादी बंद पाकिटात, पाकीट मॅडमच्या कपाटात. "कोण काय बोललं हे तुम्हालासुद्धा कळता कामा नये," मॅडम म्हणाल्या होत्या. "ज्यांच्यासोबत रोज डबा खाता, त्यांच्याबद्दल तुमच्या हातून खरं लिहिलं जाणार नाही." मुलाखती झाल्या पहिल्या वर्षी. टायपिस्टच्या कृपेने कागद हातात पडले तिसरं वर्ष सरताना. काही लोक तरीही ओळखू यायचे, खेळाच्या सरांच्या दर वाक्यात मैदान यायचंच. अशा वेळी बाई ओळख न दाखवता पुढे वाचायच्या.

आणि मग आली शिक्षिका क्रमांक सात.

"मागच्या तीन बाकांना मी विचारतच नाही," सात नंबरने सांगितलं होतं. "त्यांना विचारलं की तास वाया जातो. हात वर केला तरी मी दुसरीकडे बघते. पंधरा दिवस असं केलं की हात आपोआप खाली राहायला शिकतात. मग वर्ग कसा शांत चालतो."

समासात लाल पेनाने बाईंनी लिहिलं: भयंकर! पुढे अख्खं चौथं प्रकरण त्या पाच वाक्यांवर उभं राहिलं. मुलं गप्प जन्माला येत नाहीत, त्यांना गप्प राहायला शिकवलं जातं, आणि शिकवणारी ही अशी. मॅडम आयुष्यात कोणाला शाबासकी न देणाऱ्या, त्यासुद्धा म्हणाल्या, "हा तुमच्या प्रबंधाचा प्राण आहे."

घोडं अडलं ते सहीपाशी. प्रबंध देण्याआधी शाळेने तो बघून सही करायची, असा नियम. मुख्याध्यापकांनी चौथं प्रकरण वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं, आणि दुसऱ्या दिवशी ते स्टाफरूमच्या टेबलावर सगळ्यांना वाचायला होतं. झालं! सात नंबर कोण? बाईमाणूस हे तर बोलण्यावरूनच कळत होतं. इतकं तोंडावर बोलणारी बाई शाळेत एकच, गणिताच्या बाई. चौतीस वर्षं नोकरी, निवृत्तीला पाच महिने उरलेले. कोणाचीही भीडभाड नाही. पोरं चळाचळा कापायची आणि दहावीत पासही व्हायची.

मुख्याध्यापकांनी सही देऊन टाकली, चौकशी वगैरे काही केली नाही. आठवड्याभरात वेळापत्रक बदललं. दहावीचं गणित नव्या सरांकडे गेलं आणि गणिताच्या बाईंना वाचनालयाचे तास मिळाले. स्टाफरूममध्ये त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी राहू लागली.

भाषेच्या बाईंना वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर त्यांनाही सात नंबर त्याच वाटत होत्या. वाईट वाटायला कारणही तसंच होतं. पहिली दोन वर्षं दर शनिवारी बाईंना विद्यापीठात जावं लागे, तेव्हा त्यांचे तास कोण घ्यायचं? गणिताच्या बाई. न सांगता, न बोलता. वर्गात जाऊन निबंध लिहून घ्यायच्या आणि वर लाल शाईने शुद्धलेखनाच्या चुकाही काढून ठेवायच्या.

एकदा जिन्यावर गणिताच्या बाईंनी त्यांना गाठलं. हातात वाचनालयाच्या किल्ल्या.

"तू मला एकच सांग गं. सात नंबर मी आहे का?"

"बाई, मला ते सांगता येत नाही. नियम आहे तसा."

"नाही, रागावले नाही मी. पण सात वर्षं झाली त्या मुलाखतीला. काय काय बोलले, काही आठवत नाही. मी असं म्हणाले असेन का गं? मी तशी आहे का?"

कोणापुढे कधी वाकली नाही ती बाई कठडा धरून उभी होती. आणि डॉक्टरीणबाईंनी काय करावं? "मला तास आहे," म्हणाल्या आणि वर गेल्या.

शेवटची मुदतवाढ संपत होती सोमवारी. यापुढे मुदत नाही, नाव कमी होणार, सात वर्षं पाण्यात. चार प्रती बांधून झाल्या होत्या, पुठ्ठ्यावर बाईंचं नाव सोनेरी अक्षरांत. नवऱ्याने ब्राऊन पेपर आणून ठेवला होता. बांधणार तो स्वतः, तिथे दुसऱ्या कोणाचा हात लागू देणार नव्हता. एकच काम उरलं होतं. ज्याची वाक्यं सर्वांत जास्त वापरली, ती मूळ आवाजाशी ताडून बघायची. आता लिहून झालंच आहे म्हणून मॅडमनी सात नंबरचं रेकॉर्डिंग तेवढ्यापुरतं दिलं.

शनिवारी अर्धी शाळा. पोरं गेल्यावर भाषेच्या खोलीत बाई बसल्या, कानाला हेडफोन लावला. आता गणिताच्या बाईंचा जाडाभरडा आवाज येणार म्हणून मनाची तयारी केली होती.

आधी ऐकू आलं हसणं. "हं, सांगा डॉक्टरीणबाई, मागच्या बाकांवरच्या मुलांचं काय करता?"

हा तर चित्रकलेच्या बाईंचा आवाज! ही कशी काय प्रश्न विचारतेय? प्रश्न तर मी विचारले होते सगळ्यांना. बाई गोंधळल्या. मग उत्तर देणारी बोलू लागली. बारीक, नाकातला, घाईघाईचा आवाज. कोण बरं ही? "मागच्या तीन बाकांना मी विचारतच नाही..."

आपला आवाज आपल्याला बाहेरून ऐकू आला की पटकन ओळखू येत नाही. बाईंना दोन वाक्यं लागली.

मग सगळं आठवलं. पहिल्या वर्षी मॅडमनी सांगितलं होतं, प्रश्न आधी कोणावर तरी चालवून बघा. कोणालाच वेळ नव्हता. चित्रकलेच्या बाई म्हणाल्या, "आण इकडे, मी विचारते, तू उत्तरं दे." रेकॉर्डर चालू. ते पुसायचं राहून गेलं. पुढे विज्ञानाच्या एक बाई बदली होऊन गेल्या, जाताना त्यांनी आपली मुलाखत मागे घेतली. बारातली एक गेली आणि चाचणीची एक नकळत आत आली. बारा त्या बाराच. मोजून बघणाऱ्याला कशाची शंका येणार?

बाईंनी रेकॉर्डिंग तीनदा ऐकलं. तिसऱ्यांदा त्यांना सर्वांत जास्त राग कशाचा आला असेल, तर त्या आवाजातल्या खुशीचा. एखादी घरगुती युक्ती सांगावी तशी सांगत होती मेली.

त्यांनी मॅडमना फोन लावला. मॅडम म्हणाल्या, "स्वतःची मुलाखत स्वतःच्या प्रबंधात चालत नाही. चौथं प्रकरण जाईल. चौथं गेलं की पाचवं, सहावं कशावर उभं राहणार? आणि मुदत सोमवारी संपते."

"पण मॅडम, इथे एका बाईंवर आळ आलाय."

"तुम्ही त्यांचं नाव घेतलंत का? नाही ना? मग?" मॅडमचा आवाज खाली आला. "हे बघा, पाकीट माझ्या कपाटात आहे. कोणता आकडा कोणाचा हे कुणालाही सांगायचं नाही, असा नियमच आहे. तुम्ही फक्त नियम पाळा."

रविवारभर बाई घरात फिरत राहिल्या. स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत, बाहेरच्या खोलीतून स्वयंपाकघरात. कुठेही गेलं तरी त्या चार प्रती समोर. नवरा खाली बसून पार्सलं बांधत होता, गाठीवर बोट धरायला बाईंना बोलावत होता. "पोचलं बघ शेवटी तुझं पार्सल," तो म्हणाला. इतका खूश होता की बाईंना तोंड उघडवेना. गाठीखाली बोट चेमटलं तरी त्यांनी ते काढलं नाही.

सोमवारी सकाळी त्या मुख्याध्यापकांपुढे उभ्या राहिल्या. "सर, सात नंबर मी आहे."

मुख्याध्यापकांचा चेहरा मऊ झाला. "बाई, तुमचं मन फार मोठं आहे. त्यांच्यासाठी स्वतःवर घेताय. पण असं हळवं होऊन चालत नाही, उद्या तुम्हाला पर्यवेक्षक व्हायचंय."

"सर, खरंच सांगते."

"कळलं हो, कळलं. जा, प्रबंध देऊन या. येताना पेढे आणा, तोंड गोड करायचंय आम्हाला."

आता बोला! खरं सांगितलं तर मोठेपणा, नाही सांगितलं तर नियम. बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. मधल्या सुट्टीत त्या स्टाफरूममध्ये गेल्या, टेबलावरचे डबे बाजूला सारले आणि रेकॉर्डर मधोमध ठेवला.

"सगळ्यांनी ऐका," एवढंच म्हणाल्या आणि बटण दाबलं.

हसणं ऐकू आलं. "अगं बाई, हा तर माझा आवाज!" चित्रकलेच्या बाई ओरडल्या, आणि दुसऱ्याच क्षणी त्यांनी तोंडावर हात दाबला. नाकातला आवाज घाईघाईने बोलून गेला. खेळाचे सर कपाच्या तळाशी काहीतरी बघत बसले. कोणी कोणाकडे बघेना.

"परत लाव," गणिताच्या बाई म्हणाल्या.

बाईंनी परत लावलं. गणिताच्या बाईंनी चष्मा काढला.

"म्हणजे मी नव्हते," त्या म्हणाल्या. "चार महिने रोज घरी जाऊन आठवतेय मी. कोणत्या पोराचा हात मी बघितला नाही. चौतीस वर्षांची पोरं आठवत बसले गं."

"बाई, मला खरंच माहीत नव्हतं. परवा कळलं. जिन्यावर तुम्ही विचारलंत तेव्हा मला माहीत असतं तर..."

"माहीत नव्हतं ना तुला?"

"नव्हतं हो, शपथ."

"मग तेव्हाच का नाही म्हणालीस, की बाई, तुम्ही तशा नाही? चौदा वर्षं ओळखतेस मला."

"तुमची दहावी..." बाई म्हणाल्या.

"दहावीची परीक्षा पंधरवड्यावर आली. माझी महिन्याने निवृत्ती. आता काय दहावी!" गणिताच्या बाईंनी चष्मा घातला, किल्ल्या उचलल्या आणि वाचनालय उघडायला गेल्या.

पार्सलं घरी बाहेरच्या खोलीत होती. मुदत संध्याकाळी पाचला संपणार होती, आणि बाई कुठेही जाणार नव्हत्या. घंटा झाली. खडू, डस्टर घेऊन त्या नववीच्या वर्गात शिरल्या. धडा काढला, फळ्यावर प्रश्न लिहिला आणि वळल्या. पुढच्या बाकांवर नेहमीचे सात-आठ हात वर आलेले. बाईंनी आज मुद्दाम मागे बघितलं. शेवटच्या तीन बाकांवर एकही हात नव्हता. वर्ष संपत आलं होतं. त्यांच्यातल्या अर्ध्याअधिक मुलांची नावंसुद्धा बाईंना नीट आठवेनात.

"तू सांग," त्या शेवटच्या बाकावरच्या मुलीला म्हणाल्या.

मुलगी हलली नाही.

"तू गं. तुलाच विचारतेय."

मुलगी दचकली. बाई कोणाला म्हणतायत ते बघायला तिने मान वळवून मागे बघितलं. तिच्या मागे भिंत होती.