मंत्र्याला नकार देण्याआधी

शांती नगरातल्या आमच्या सेक्टरचा गणेशोत्सव नव्वदीच्या सुरुवातीला नवाच होता. बहुतेक कुटुंबं गिरगाव-लालबाग सोडून आलेली. नाटकाची हौस सोबत आली होती. त्या वर्षी मंडळाने एका शास्त्रज्ञावरचं नाटक बसवलं. वसाहतीच्या बोअरिंगच्या पाण्यात त्याला विष सापडतं आणि निवडणूक होईपर्यंत अहवाल दाबून ठेव, असं मंत्री त्याला सांगतो.

शास्त्रज्ञाचं काम शेजारचे काका करत होते. मी प्रॉम्प्टर.

काकांच्या घशात गाठ होती. विसर्जनानंतर स्वरयंत्र काढायचं ठरलं होतं. घरात ते खुणांनीच बोलत, आवाज तालमीसाठी राखून ठेवत. तिसऱ्या अंकात मंत्र्याला नकार देताना त्यांचं मोठं स्वगत होतं. काकू एकाही तालमीला आल्या नाहीत. "ते मी प्रयोगालाच ऐकणार," त्या म्हणाल्या होत्या, "आधी ऐकलं तर शिळं होतं."

प्रयोगाला त्या दुसऱ्या रांगेत बसल्या. पहिल्या रांगेतली मधली खुर्ची रिकामी होती. मंडपाचा खर्च ज्यांनी उचलला होता, त्या पुढाऱ्यांसाठी ती राखलेली.

तिसऱ्या अंकात काका स्वगतासाठी पुढे आले आणि मंडपाच्या तोंडाशी फटाके वाजले. सेक्रेटरी शाल-श्रीफळ घेऊन थेट स्टेजवर चढला.

"काका, दोन मिनिटं थांबा. साहेब आलेत."

"अरे, मी आत्ता मंत्र्याला नाही म्हणायला निघालोय!"

"मग नंतर म्हणा ना! आधी शाल घाला. सत्कार तुमच्याच हातून आहे."

प्रेक्षक हसले. काकांनी शास्त्रज्ञाच्या पांढऱ्या कोटातच साहेबांना शाल घातली. साहेबांनी माइक घेतला. नळाचं पाणी लवकरच येतंय, असं त्यांनी सांगितलं. टाळ्या पडल्या. मग विज्ञानावर बोलले, मग तरुणांवर. त्यांना थांबवायला कोणी गेलं नाही.

लाउडस्पीकरची परवानगी संपत आली होती. दिग्दर्शक विंगेत येऊन मला म्हणाला, "स्वगत काप. शेवटच्या प्रवेशाचं वाक्य दे."

मी दिलं. काकांनी एकदा विंगेकडे पाहिलं आणि ते वाक्य उचललं. पडदा वेळेत पडला.

दुसऱ्या दिवशी दिग्दर्शक त्यांच्या घरी गेला. गच्चीवर चार माणसं जमवतो, स्वगत तिथे म्हणा, असं त्याने सुचवलं. काकांनी नकारार्थी मान हलवली. घसा पार बसला होता.

ऑपरेशननंतर महिनाभराने मी भेटायला गेलो. काका खिडकीशी बसले होते, गळ्याला मफलर. काकूंनी चहा ठेवला आणि म्हणाल्या, "तुमच्याकडे नाटकाची प्रत असेल ना? वाचून दाखवा मला, ते काय बोलणार होते ते."

मी घरून प्रत आणली आणि प्रॉम्प्टर वाचतो तसं एकसुरी वाचू लागलो. काकू काकांकडे बघत ऐकत होत्या. अर्ध्यावर काकांनी हात वर केला. मी थांबलो. तालमीत ते याच जागी थांबायचे. बऱ्याच वेळाने त्यांनी हात खाली घेतला आणि मी पुढचं वाक्य वाचलं.