तेल लावलेली वांगी

आमच्या केळझरची शालूबाई भाजी विकताना गिऱ्हाइकाला वांगं मोडूनच दाखवते, "पाय, कीड हाय का?" यंदा तिच्या वाडीत चक्क पिक्चरचं शूटिंग झालं! पिक्चरमधला चोर नागपूरचा, त्याची प्रेयसी फ्रान्सची. पडद्यावर चमकावीत म्हणून शूटिंगवाल्यांनी वांग्यांना तेल चोळलं.

पिक्चर लागताच शालूबाईनं मला ओढतच वर्ध्याला नेलं. "माहे वांगे!" ती थेटरात उभी राहून ओरडली. बाहेर आल्यावर मात्र भडकली, "त्यानं चोरी काऊन केली, पिरेम कसं जमलं, काईच नाई सांगतलं. नुसती चमक!"

पुढच्या बाजारात तिची वांगी आरशासारखी चकाकत होती. गर्दी उसळली! तिनं मोडून दाखवलं नाही, मीही न विचारताच घेतली. घरी विळीवर धरली, तर हाताला तेल अन् आत अळ्या!