युगांडावाल्याचा कप

युगांडावाल्याला शेवटचा चहा मी वेगळ्या कपात दिला. हे आजवर कोणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. ती तेव्हा माहेरी, सेलूला होती.

परभणीला तो शेतकी शिकायला आला होता. वसतिगृहात आम्ही एका खोलीत. गाताना तो डोळे मिटत नसे. गर्दीतला एक माणूस निवडायचा आणि अख्खं गाणं त्याच्याकडे बघत म्हणायचा. तो माणूस बिचारा अवघडून जायचा. मी एकदा म्हणालो, आमचे गवई कसे डोळे मिटून गातात, तूही मिटत जा की. तर म्हणाला, "भाई, डोळे मिटले की समोरच्याला पळता येतं."

वालूरला आमच्या घरी आला, तेव्हा बापानं त्याला गावातल्या हॉटेलातली गोष्ट सांगितली. आमच्या लोकांसाठी कान तुटलेला कप बाहेर कोनाड्यात असायचा. चहा वरून ओतायचे. पिऊन झाला की आपणच धुवायचा, पालथा ठेवायचा. युगांडावाल्यानं त्याचं गाणं केलं, निम्मं मराठीत, निम्मं त्याच्या भाषेत. विद्यापीठाच्या नामांतराच्या सभांत घोषणा देऊन आमचे घसे बसले, की बाप म्हणायचा, "लय वरडलात तुमी. आता त्याला गाऊ द्या." जेवताना बाप त्याला आपल्याच ताटात घ्यायचा.

शिकून तो परत गेला. तिकडं मोठा गायक झाला. मग त्याला एड्स झाला आणि ते त्यानं भर कार्यक्रमात सांगून टाकलं. लोक उठून गेले. पुढं शाळांत, दवाखान्यांत, बाजारांत तो त्या रोगाचीच गाणी म्हणत हिंडला.

हे सगळं त्यानंच सांगितलं, काही वर्षांनी माझ्या परभणीच्या घराच्या उंबऱ्याबाहेर उभं राहून. शर्ट खुंटीला अडकवल्यासारखा अंगावर लोंबत होता. "आधी ऐक, भाई. मग आत घे." चहापाण्यानं हा रोग लागत नाही, असंही म्हणाला. मला ते माहीत होतं. मी त्याला मिठी मारून आत नेलं.

फडताळात चांगले कप पुढंच होते. मागं एक कान तुटलेला होता, बायको त्यात खायचा सोडा ठेवायची. सोडा काढून मी तो विसळला.

त्यानं कप पाहिला. सावकाश चहा प्याला, उठला, मोरीत कप धुतला आणि बाहेर ओट्याच्या कडेला पालथा ठेवून आला.

"एक गाणं म्हणतो," म्हणाला. बापाच्या कपाचंच म्हटलं. समोर मी एकटा होतो. त्यानं डोळे मिटून घेतले.

वर्षभरात तो गेला. बापाला मी तापानं गेला म्हणून सांगितलं. नामांतर झालं त्या दिवशी बाप पेढा हातात धरून बसला होता. म्हणाला, "त्यो पोरगा पायजे व्हता आज." मी नुसती मान हलवली. आता बापही नाही.

घरच्या कपातला एक चहा मी त्याला देणं लागतो.