न उलटलेला दगड

ती घटना आठवली की आजही माझे कान तापतात. राग येतो तो आधी माझाच.

कोल्हापूर संस्थान नुकतंच विलीन झालं होतं. मी तेव्हा फौजदार. तोवर आमच्या पोलीस ठाण्याचं दफ्तर मराठीत चाले. आता वरिष्ठांना अहवाल इंग्रजीत हवे झाले. माझं इंग्रजी म्हणजे मागून आणलेला कोट, खांद्यावर ढगळ आणि पोटावर घट्ट. मुंबईकडच्या जुन्या इंग्रजी अहवालांतली भारदस्त वाक्यं मी वहीत उतरवून ठेवली होती. त्यातलं लाडकं, ‘नो स्टोन लेफ्ट अनटर्न्ड’. अर्थाच्या वाटेला मी कधी गेलो नाही. शेवटी ते असलं की कागदाला वजन येई.

एका बड्या व्यापाऱ्याच्या घरातून सोन्याचा कोल्हापुरी साज गेला. मालकांनी ठाण्यात येऊन, खुर्चीत बसून, माझाच चहा पिऊन खबर दिली, "दुसरं कोण असणार फौजदार? भांडीवालीच हाय."

मी त्या विधवा बाईला तीन दिवस सकाळपासून दिवेलागणीपर्यंत ठाण्याच्या ओट्यावर बसवलं, दरडावलं, घराची झडती घेतली. काही मिळालं नाही. ती एकच सांगे, "बारा वरसं त्यांची भांडी घासली, सायेब. चोर म्हणून नाव पडलं तर कोण घरात घील मला?"

गडी आणि दूधवाला यांचेही जबाब घेतले आणि अहवालाखाली लाडकं वाक्य ठोकून दिलं.

अहवाल वाचून वरिष्ठ साहेबांनी बोलावलं. "कोणकोणते दगड उलटलेत? नावं सांगा."

मी तीन नावं सांगितली.

"आणि घरातली माणसं?"

"साहेब, घरंदाज मंडळी. त्यांना कसं विचारायचं?"

"मग हे वाक्य लिहिलंत कशाला? याचा अर्थ, एकही दगड उलटायचा ठेवला नाही, म्हणजे शोधायचं काही बाकी ठेवलं नाही. तुम्ही तर फक्त हलके दगड उचललेत."

तसाच उठून त्या घरी गेलो. मालक आडवे आले. मी हटलो नाही. त्यांच्या सुनेला दाराच्या पडद्याबाहेरून एवढंच विचारलं, "साज शेवटी कुणी घातला होता?"

पडद्याआड हुंदका फुटला. "त्या बाईस्नी सोडा हो. आजऱ्याला माझ्या बहिणीच्या लग्नाला मीच दिलाय. सासूबाईंनी पेटी उघडायच्या आत परत येणार होता."

म्हणजे बाई तीन दिवस ओट्यावर, आणि हिच्या तोंडाला कुलूप! मालक मात्र शांत. "घरातलंच हाय की. मिटवून टाका. चहा घेणार?"

चहा घेतला नाही. मालकांना घेऊन बाईच्या दारात गेलो आणि हळू आवाजात म्हणालो, "बाई, तुमच्यावरचा आळ गेला."

ती उंबऱ्यातच उभी राहिली. "बशिवलं तवा सगळ्या गावानं बघितलं. आन् आता कानात सांगताय व्हय? नळावर चला."

गेलो. पाणी भरणाऱ्या बायकांसमोर मोठ्यानं सांगितलं, चोरी झालीच नव्हती, चूक माझी होती. मालक आपल्या पायताणांकडे बघत होते. बाई त्यांना म्हणाली, "उद्यापास्नं तुमची भांडी तुमीच घासा."

ते वाक्य मी वहीतून खोडलं. पुढे नोकरीत कुणी खुर्चीत बसून गरिबाकडे बोट दाखवलं, की पहिला जबाब मी त्या खुर्चीतल्या माणसाचा घेत असे.