कुणाच्या बाटलीत काय होतं

"दारू किती पिते, विचार हिला."

साहेब मला नाय बोलले, बाजूच्या शिकाऊ डॉक्टर पोराला बोलले. मी समोरच झोपलेले. पोट उघडं, साडी खाली सरकवलेली, भोवती पांढऱ्या कोटातली पोरंपोरी उभी. पोरानं विचारलं. मी म्हटलं, "नाय पीत."

साहेब हसले. "कोळीण आहे. यांच्यात बायका पण पितात. लिही, पिते."

पोरं हसली. एक पोरगी तेवढी हसली नाय, खाली बघत राहिली. मला तिचाच जास्त राग आला. अगं, बघायचं तर वर बघ ना माझ्याकडे!

माझा बाप दारूनं गेला. तेव्हापासून आमच्या घरात बाटली आली नाय. पण मला विचारलंय कुणी? साहेब पोटात बोटं खुपसून त्यांना माझं लिव्हर शिकवत होते. मी साडी वर ओढायला गेले तर म्हणाले, "हात बाजूला." मी हात बाजूला घेतला. का घेतला, मला आजही कळत नाय.

ऐंशीचं दशक सरत आलेलं. डोंबिवलीला खाडीकडे आमचं गाव. मासळी घेऊन मी बाजारात बसायचे. आधी तळहाताला खाज सुटली, मग तळपायाला, मग सगळ्या अंगाला. वरून काय दिसायचं नाय, आतून पेटलेली. काथ्यानं घासून घासून रक्त काढायचे. मग डोळे पिवळे झाले. रोजची गिऱ्हाइकं माझ्यासमोरून उठून शेजारणीकडे जायला लागली. एक जण तर तोंडावर म्हणाली, "हिच्याकडनं नको गं, हिला खरूज आहे." म्हणून ठाण्याच्या त्या हॉस्पिटलात गेलेले. नाव घेत नाय त्याचं.

तिथल्या बाकावर बाई भेटल्या. डोंबिवलीच्या शाळेत शिकवायच्या, लग्न केलं नव्हतं, भावाकडे राहायच्या. अंगाला गुलाबी लोशन लावलेलं आणि नखं मुळापर्यंत कापलेली. नखं बघूनच मी ओळखलं.

"तुम्हाला पण खाज?" मी विचारलं.

"अगं, वेड लागायची पाळी आलीये," त्या म्हणाल्या.

माझा कागद वाचून आजार काय आहे ते मला बाईंनी सांगितलं. आपलंच शरीर आपल्याच लिव्हरवर उलटतं, पित्त आत साचतं, बायकांनाच जास्त होतं. दारूशी काय संबंध नाय. मी तिथंच रडले. बाई म्हणाल्या, "रडतेस काय? मला तर कुणी विचारलं पण नाही दारूचं."

त्यांना नसतंच विचारलं. त्यांना साहेब "बसा मॅडम" म्हणायचे.

मग साहेबांनी आम्हाला एका खोलीत बोलावलं. नवीन औषध आलंय, बाजारात मिळत नाय, आपल्या हॉस्पिटलात काही पेशंटना देऊन बघायचंय. बाईंशी साहेब इंग्रजीत बोलले, बराच वेळ. बाई विचारत होत्या, ते सांगत होते. मग माझ्याकडे वळले. "ए, ह्या गोळ्या घ्यायच्या. दर महिन्याला येऊन रक्त द्यायचं. इथं अंगठा दे." मी म्हटलं, मला सही येते. "अंगठा चालतो गं, वेळ नको घालवूस." वॉर्डबॉयनं माझा अंगठा धरला आणि दाबला.

दोन पांढऱ्या बाटल्या. एक बाईंना, एक मला. गोळ्या दिसायला सारख्या.

बाहेर आल्यावर बाईंनी सांगितलं, "निम्म्या लोकांना औषध आहे आणि निम्म्यांना नुसतं पीठ. गोळी तीच दिसते. कुणाला काय ते डॉक्टरांनाही आत्ता माहीत नसतं. सगळं संपल्यावर उघडून बघतात."

"म्हणजे आपल्यातली एक मरायची?"

"तसं नाही गं." मग हातातली बाटली फिरवत बाई म्हणाल्या, "तसंही असू शकेल."

आमच्यात होडी आली की मासळीचे वाटे घालतात. कुणाच्या हातानं जाळं ओढलं, कुणाच्या बाजूला जास्त गावली, ते कुणी बघत नाय. वाटा सगळ्यांना सारखा. मी बाईंना म्हटलं, "तुमची बाटली द्या इकडे." पदर पसरला, दोन्ही बाटल्या ओतल्या, कालवल्या, दोन वाटे केले. बाई आधी नको नको म्हणत होत्या. "असं करायचं नसतं गं, त्यांचा अभ्यास बिघडेल." मग माझ्याकडे बघितलं आणि आपला वाटा उचलला. प्रत्येक बाटलीचं आम्ही तसंच केलं.

माझी खाज कमी झाली. खरंच कमी झाली. बाईंची तशीच राहिली. मी विचारायचे, त्या म्हणायच्या, "होईल हळूहळू."

एकदा साहेबांनी विचारलं, "गोळ्या नीट घेता ना?" मी मोठ्या हौशीनं सांगितलं, "हो साहेब, दोघी सारख्या वाटून घेतो." मला वाटलं, शाब्बास म्हणतील.

साहेबांचा चेहराच बदलला. बाईंकडे वळून म्हणाले, "मॅडम, तुम्ही तरी? तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती." आणि मला, "मासळीबाजार वाटला का हा? तुम्हा लोकांना फुकट दिलं की हेच होतं." दोन्ही बाटल्या उचलल्या आणि टोपलीत टाकल्या. पट्ट्या, कापूस, त्यावर आमच्या गोळ्या.

बाई उठून उभ्या राहिल्या. "तिला तुम्ही काहीच सांगितलं नव्हतंत. एक शब्द नाही."

"तिला काय कळणार होतं?"

दोघी बाद. औषध बंद. मी वाकून टोपलीत हात घालायला गेले तर वॉर्डबॉयनं दंड धरून मला बाहेर काढलं.

वर्षाच्या आत बाईंचं पोट फुगलं, पाय सुजले. मी भेटायला जायचे, त्या माझ्या हाताला लोशन लावून द्यायच्या. स्वतः धड बसू शकत नव्हत्या आणि माझ्या हाताला लावायच्या! शेवटची गेले तेव्हा भावानं दार उघडलं. आत बाईंच्या फोटोला हार घातलेला. तो म्हणाला, "तुम्हीच ना त्या? तिच्या बाटलीत औषध होतं. तुम्ही खाल्लंत." आणि दार लावलं.

तेव्हापासून बाई माझ्याजवळ आहेत. बाजारात सुरमई कापताना मागं कुणीतरी खरवडतंय असं वाटतं. वळते तर कुणी नाय. लोशनचा वास येतो. मी विचारते, बाई, कुणाची होती ओ ती गोळी? तुमच्या बाटलीत औषध आणि माझ्या बाटलीत पीठ असेल तर मी तुमचं आयुष्य खाल्लं. उलटं असेल तर मी माझं अर्धं दिलं, पण ते तुम्हाला पुरलं नाय. आणि दोन्हीत पीठ असेल तर आपण दोघी येड्यासारख्या पीठ वाटून खात होतो. दोन्हीत औषध असेल तर साहेबांनी ते टोपलीत टाकलं. बाई नुसत्या खरवडत राहतात.

काही वर्षांनी हॉस्पिटलातून माणूस घरी आला. दुसरं नवीन औषध आलंय, ह्या आजाराचे पेशंट मिळत नाहीत, साहेबांनी बोलावलंय. माझी खाज परत चढलेली. मी गेले. साहेबांचे केस पिकलेले. ह्या वेळी मला खुर्ची दिली, "बसा" म्हणाले. सिस्टर सुई घेऊन आली, माझ्या दंडाला रबर बांधलं.

मी म्हटलं, "साहेब, आधी एक सांगा. तेव्हा कुणाच्या बाटलीत काय होतं?"

"ते जुनं झालं. सगळं संपलं ते."

"संपल्यावर उघडून बघतात ना? मग तुम्ही बघितलंत."

"बघितलं. पण तुम्ही दोघी बाद होतात. कळून काय करणार आहेस तू?"

बसा गेलं, तू आलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी रबर सोडलं, सिस्टरच्या हातात दिलं. "माझ्या पोटात गेलंय ते. बाईंच्या पोटात गेलंय. तुम्हाला माहीत आहे आणि मला नाय, हे कसं काय?"

"अडाणीपणा करू नकोस. औषध मिळालं नाही तर मरशील."

"पेशंट मिळत नाहीत, तुमचा माणूस म्हणाला ना? मग सांगा."

त्यांनी नाय सांगितलं. मी उठले.

आज अंग पेटलेलं आहे, डोळे परत पिवळे आहेत. मरणाची भीती वाटते, खोटं कशाला बोलू. त्याहून जास्त भीती साहेबांच्या उत्तराची वाटते. भाऊ म्हणाला तेच खरं निघालं तर? निघू दे. ते उत्तर माझं आणि बाईंचं आहे. दर महिन्याला मी त्या दारात जाऊन उभी राहते आणि तेच विचारते. आत जाणाऱ्या बायकांनाही सांगते, बाटलीत काय आहे ते विचारल्याशिवाय हात पुढे करू नका. साहेब मला हाकलायला माणूस पाठवतात. मी परत येते. उत्तर मिळेपर्यंत माझ्या रक्ताचा एक थेंब त्यांना मिळणार नाय. मेले तरी नाय.